‘यकृतातली कुठलीही गाठ सुईने जाळा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: “यकृतात गाठ कुठलीही असो, सोनोग्राफीवर बघत सुई घालतात, दहा मिनिटांत जळते. बायोप्सी नको, तिने कॅन्सर पसरतो. सकाळी सुई, रात्री सराफ्यात.” (सराफा म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार.) उपचार खरा आहे: सुईतून रेडिओलहरी किंवा मायक्रोवेव्ह सोडून गाठ उष्णतेने जाळतात, त्याला ॲब्लेशन म्हणतात. बाकीचं तपासून घ्या.

‘कुठलीही गाठ’? हिमँजिओमा हा रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गोळा. बहुतेकदा त्याला हातच लावायचा नसतो. ॲडिनोमा ही यकृताच्या पेशींची साधी, कॅन्सर नसलेली गाठ, ती गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावर पुष्कळदा आकसते. हायडॅटिड ही तर कृमीची पिशवी, तिला नकळत सुई लागली तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची) गाठ तापली की हार्मोन एकदम रक्तात सुटू शकतात आणि रक्तदाब बेफाम होतो. म्हणून तिथे ऑक्ट्रिओटाइड या हार्मोन रोखणाऱ्या औषधाची तयारी आधीच ठेवावी लागते. गाठ कोणती हे कळल्याशिवाय जाळायचं म्हणजे अंदाजपंचे काम.

म्हणूनच बायोप्सी. सुईच्या वाटेने पेशी सांडण्याची भीती अगदी निराधार नाही: यकृताच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये हे प्रमाण सुमारे 2-3 टक्के आहे. बाहेरच्या नळीतून आत सुई नेली तर ते आणखी कमी होतं. सिरॉसिस (यकृत कडक, व्रणांनी भरलेलं) असेल आणि सीटीवर ठरलेलं चित्र दिसत असेल, तर बायोप्सीवाचूनही निदान होतं. दुर्मिळ गाठींना ही सवलत नाही.

‘दहा मिनिटांत’ हा शब्द सगळ्यात फसवा. गाठीभोवती 5 ते 10 मिमी निरोगी यकृतही जळावं लागतं. 10 मिमी धरलं तर 2 सेंमीच्या गाठीला 4 सेंमीचा चटका, आकारमानाने आठपट! 60 अंशांच्या वर पेशी लगेच मरतात. पण 100 च्या पुढे ऊती कोळपते, कोळपलेल्या भागातून रेडिओलहरींचा प्रवाह जात नाही आणि चटका तिथेच थांबतो. शेजारी 3 मिमीहून जाड रक्तवाहिनी असेल तर वाहतं रक्त उष्णता पळवतं आणि नेमकी त्या कडेची गाठ जिवंत राहते. मायक्रोवेव्हला हा त्रास कमी. गाठ 3 सेंमीपर्यंत असली तर निकाल चांगला, पुढे घसरतो. मुख्य पित्तनलिकेजवळ जाळलं तर ती नंतर अरुंद होऊ शकते. आतडं चिकटून असेल तर मध्ये द्रव सोडून ते दूर सारतात. रेडिओलहरी वापरताना 5 टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी), सलाइन (मिठाचं पाणी) नाही, कारण मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. वीज परत नेणारे मांड्यांवरचे पॅड नीट चिकटले नसतील तर कातडी भाजते. पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

‘रात्री सराफ्यात’? त्या सकाळी पोहे-जलेबीही नाही. साधारण 6 तास उपाशी. आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि प्लेटलेट आधी बघतात, प्लेटलेट 50,000 च्या खाली असतील तर सहसा थांबतात. नंतर बहुधा एक रात्र मुक्काम. काही दिवस कणकण राहते, ती चालते. थंडी वाजून ताप आला किंवा आठवडा उलटूनही उतरला नाही, तर पू झाल्याची शंका घ्या. पित्तनलिका शस्त्रक्रियेने आतड्याला जोडलेली किंवा स्टेंट घातलेला असेल तर जास्तच.

‘गाठ गेली’ हे महिन्याने काँट्रास्ट (शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला) सीटी ठरवतो. जळलेल्या भागाभोवती पातळ, एकसारखी कडा दिसली तर ती सूज. एकाच बाजूला जाडसर गोळा दिसला तर गाठ उरलेली. तुलनेसाठी जुना रिपोर्ट पुरत नाही, उपचाराआधीच्या सीटीची सीडी सोबत न्या.