दुपारी बाराचे शहर

नोकरी कुठे करायची हे नोकरी देणारा ठरवतो आणि कोणत्या तारखेपासून करायची हेही तोच ठरवतो. राहायचे कुठे, एवढा एकच प्रश्न तो मोठ्या मनाने आपल्यावर सोपवतो. देशाच्या एका टोकाचे बिऱ्हाड उचलून दुसऱ्या टोकाला नेणाऱ्या माणसाला हे औदार्य किती महाग पडते, ते फार लवकर कळते. घर वाईट निघाले तर भिंतींना रंग देता येतो, नळ बदलता येतो, कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालता येते. वस्ती मात्र जशी असेल तशी पदरात घ्यावी लागते, आणि घेण्यापूर्वी तिला वाजवून पाहण्याची सोय कुठेही नसते. त्यातून ती वस्ती, ते शहर आणि तो प्रदेश यांपैकी काहीच पूर्वी पाहिलेले नसेल आणि जाऊन पाहण्याइतकी रजा शिल्लक नसेल, तर नवरा-बायको रोज रात्री संगणकासमोर बसून परक्या गावाच्या गल्ल्यांवरून ज्या त्वेषाने भांडू लागतात, तो त्वेष त्या गावात जन्मलेल्यांनाही साधणार नाही.

आमच्या शोधाची सुरुवात अर्थातच नकाशापासून झाली. नकाशातल्या एखाद्या रस्त्यावर बोट टेकवले की आपण त्या रस्त्याच्या मधोमध उभे राहून चहूकडे पाहू शकतो, ही सोय गुगलने २००७ साली आणली, आणि घरबसल्या परगाव पाहणाऱ्यांवर तिचे मोठे उपकार आहेत. मात्र ही छायाचित्रे टिपणारी गाडी दिवसा फिरते आणि शक्यतो स्वच्छ हवेत फिरते. अंधारात आणि पावसात छायाचित्रे चांगली येत नाहीत, हे कारण रास्तच आहे. परिणाम असा, की त्या शहरात रात्र होत नाही, पाऊस पडत नाही, रविवार उजाडत नाही आणि शाळा सुटत नाही. तिथे कायम दुपारचे बारा वाजलेले असतात. माणसांचे चेहरे पुसट केलेले असल्यामुळे रहिवासी आनंदात आहेत की त्रासलेले, हेही कळायला मार्ग नसतो. एका दुकानाचे शटर खाली ओढलेले दिसले, तर ते जेवणाच्या सुट्टीपुरते बंद आहे की धंदा बसल्यामुळे कायमचे, यावर आमचा बराच वेळ वाद झाला. शेवटी ते चित्रच काही वर्षांपूर्वीचे आहे, हे कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांनी सांगितले आणि दोघांनाही गप्प केले. एका घराच्या गच्चीवरून फार सुंदर मोकळे आकाश दिसत होते, पण त्याच आकाशात एक क्रेन उभी होती, आणि क्रेन काही आकाश पाहायला उभी करत नाहीत.

नकाशाने भागेना, तेव्हा आम्ही माणसांकडे वळलो. 'माझा कोणीतरी तिथे होता' असे म्हणणारी माणसे बदलीची बातमी फुटताच न बोलावता गोळा होतात. त्यांचा सल्ला ऐकताना माझ्या असे ध्यानात आले, की वस्तीबद्दल विचारले असता प्रत्येक जण स्वतःबद्दल सांगतो. पत्नीच्या दूरच्या मामांनी एका भागाची शांत, अत्यंत शांत म्हणून अशी काही स्तुती केली, की आम्ही तो भाग वहीत सर्वांत वर लिहिला. घरात असताना मामा कानातले यंत्र काढून ठेवतात, हे आम्हाला मामींकडून नंतर कळले. कार्यालयातील एका अविवाहित तरुणाने सांगितले, की त्याच्या जुन्या वस्तीतून सगळे काही जवळ होते. खोदून विचारता 'सगळे काही' म्हणजे शहराबाहेर पडणारा महामार्ग, असा उलगडा झाला. जो वस्ती सोडून गेला आहे तो तिला नावे ठेवतो, कारण तसे न केल्यास आपण का सोडली याचे उत्तर त्याला द्यावे लागते. जो तिथे भाड्याने राहतो तो मोकळेपणाने बोलतो. आणि ज्याने आयुष्यभराचे कर्ज काढून तिथे घर घेतले आहे, त्याच्या वस्तीत कसलीही उणीव असूच शकत नाही, निदान कर्ज फिटेपर्यंत तरी.

घरे दाखवणारा एजंट त्या मानाने सरळ माणूस होता, कारण त्याच्याकडे सर्व प्रश्नांना एकच उत्तर होते : पाच मिनिटे. स्थानक पाच मिनिटांवर, दवाखाना पाच मिनिटांवर, माझे नवे कार्यालयही "साहेब, रस्ता मोकळा मिळाला तर पाच मिनिटांवर". रस्ता मोकळा कधी मिळतो, असे विचारले असता त्याने प्रामाणिकपणे पहाटे साडेचारची वेळ सांगितली. अंतर मैलांत मोजण्याऐवजी वेळेत मोजावे, ही कल्पना मुळात त्याची नव्हे. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८१ साली लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोहोचता येते, याचा रंगीत नकाशा काढला होता. दहा दिवसांच्या आतला टापू हिरवा आणि चाळीस दिवसांहून लांबचा तपकिरी. तसाच एक नकाशा आम्ही आमच्या कार्यालयाभोवती संगणकाकडून काढून घेतला. सकाळी सहाची वेळ दिली तेव्हा अर्ध्या तासाचा हिरवा प्रदेश शहर ओलांडून पलीकडच्या शेतांत पसरला; साडेनऊची वेळ देताच तो आक्रसून कार्यालयाच्या कुंपणाशी आला. सरळ रेषेत तीन किलोमीटरवर असलेली एक टुमदार वस्ती सहाला हिरवी होती आणि साडेनऊला साफ नाहीशी झाली, कारण मध्ये एक नदी होती आणि नदीवर पूल एकच होता.

याबाबतीत विद्वानांनी पुष्कळ विचार करून ठेवला आहे, आणि तो वाचून मनाला जराही आराम पडत नाही. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली असे मांडले, की माणूस कोणत्याही काळातला असो, दिवसाकाठी साधारण एक तास जाण्यायेण्यात घालवतो. वाहन वेगवान झाले की तो वेळ वाचवत नाही, घर लांब नेतो. ब्रुनो फ्राय आणि आलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील पाहण्यांचे आकडे तपासून २००८ साली दाखवले, की लांबून ये-जा करणारी माणसे आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. अर्थशास्त्राच्या हिशेबाने लांबच्या मोठ्या किंवा स्वस्त घराने त्या त्रासाची भरपाई व्हायला हवी; ती होत नाही. हे मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "अहो, हे सांगायला दोन अर्थशास्त्रज्ञ कशाला लागले?"

तिची पद्धत निराळी होती. प्रत्येक वस्तीबद्दल ती एजंटला एकच प्रश्न विचारत असे : रात्री दहा वाजता तुमच्या रस्त्यावर कोण असते? एका वस्तीबद्दल त्याने अभिमानाने सांगितले, की चिटपाखरूही नसते, अगदी सुरक्षित आहे. तिने ती वस्ती तत्क्षणी खोडली. रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर ये-जा करणाऱ्यांच्या, दुकानाच्या फळीवर बसलेल्यांच्या आणि खिडकीतून उगीच डोकावणाऱ्यांच्या नजरेने, हे शहरांवर लिहिणाऱ्या न्यूयॉर्कच्या जेन जेकब्झ यांनी १९६१ सालीच सांगितले होते. पत्नीने ते वाचलेले नव्हते, पण रात्री एकटीने घरी परतणाऱ्या कोणत्याही बाईला ते पाठच असते. दुसऱ्या एका वस्तीबद्दल एजंट जरा ओशाळून म्हणाला, की तिथे रात्री बारापर्यंत वर्दळ असते. तिने ती आनंदाने वहीत वर नेली, आणि मी ती तितक्याच तातडीने खाली आणली.

कारण माझी झोप सावध आहे. आवाजाच्या बाबतीत मी अडाण्यासारखा बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी दिलेल्या शिफारशींत रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा, असे म्हटले आहे, आणि हा आकडा मी एजंटला तोंडपाठ ऐकवत असे. परंतु आकडा सरासरीचा आहे, हीच त्यातली गोम. रात्रभर चाललेली संथ घरघर आणि मध्यरात्री चार वेळा फाटक्या सायलेन्सरची मोटारसायकल, यांची सरासरी सारखी येऊ शकते. झोप सारखी येत नाही. म्हणून मी एजंटला विनंती केली, की रात्री अकरा वाजता त्या घराच्या खिडकीतून फोन बाहेर धरावा आणि मला ऐकू द्यावे. त्याने ते खरोखर केले. मला एक कुत्रा, दोन हॉर्न आणि खुद्द एजंटचा त्याच्या पत्नीशी चाललेला संवाद ऐकू आला, ज्यात माझा उल्लेख आदरार्थी नव्हता.

येथे आमच्या शोधाची खरी अडचण उघडी पडली. मला रात्री जे नको होते तेच तिला रात्री हवे होते. वर्दळ म्हणजे माझ्या लेखी गोंगाट आणि तिच्या लेखी सोबत. शांतता म्हणजे माझ्या लेखी झोप आणि तिच्या लेखी धास्ती. एकाच दहा वाजताबद्दल आम्ही बोलत होतो आणि दोघांचेही म्हणणे बरोबर होते, त्यामुळे भांडण मिटण्याची शक्यता उरली नव्हती. वहीतली यादी दोन्ही बाजूंनी झिजत चालली. नदीकाठची एक वस्ती दोघांनाही आवडली होती, पण एजंटने तिथला पूर शंभर वर्षांत एकदाच येतो, असे सांगून आमची समजूत घातली, आणि पत्नीने कॅल्क्युलेटर काढला. दर वर्षी एक टक्का शक्यता, तर तीस वर्षांत एकदा तरी पाणी घरात शिरण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. आपण तीस वर्षे थोडेच राहणार आहोत, असे मी म्हणालो. त्यावर, पुराने कुठून मोजायला सुरुवात केली आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का, असे तिने विचारले. नदीकाठ गेला.

वस्त्यांना गुण देण्याची हौस जुनी आहे. लंडनच्या गरिबीची पाहणी करणाऱ्या चार्ल्स बूथ यांनी १८८९ साली लंडनच्या नकाशात एकेक रस्ता तिथल्या लोकांच्या ऐपतीप्रमाणे रंगवला होता, काळ्यापासून पिवळ्यापर्यंत; पुढे तो नकाशा दुरुस्त करताना त्यांची माणसे पोलिसांना बरोबर घेऊन रस्तोरस्ती पायी हिंडली. आता ते काम तारे देणारे लोक खुर्चीत बसून करतात. आमच्या यादीतल्या एका बागेला कोणीतरी एकच तारा दिला होता, कारण तो गेला तेव्हा ती बंद होती. एका पोलीस चौकीला पाच तारे होते, आणि ते कोणी व कोणत्या परिस्थितीत दिले असतील, याचा विचार मी अजून करतो.

गणितज्ञांचे म्हणणे असे, की पर्याय एकामागून एक समोर येत असतील आणि नाकारलेला पर्याय परत मिळणार नसेल, तर पहिले ३७ टक्के पर्याय नुसते पाहून सोडून द्यावेत आणि त्यानंतर त्या सर्वांहून सरस असा जो प्रथम येईल तो डोळे मिटून घ्यावा. एवढा संयम पाळूनही सर्वोत्तम पर्याय हाती लागण्याची शक्यता सुमारे ३७ टक्केच असते, हे ते जरा हळू आवाजात सांगतात. आम्ही संयम पाळला. आम्ही सोडून दिलेली घरे इतरांनी घेतली, आणि त्यानंतर आलेल्या घरांचे मालक आमच्याबाबतीत हाच नियम पाळत असल्याचे दिसून आले.

अखेर वहीत दोनच नावे उरली, एक तिचे आणि एक माझे. शिवाय तळाशी एक तिसरे, ज्याच्यापुढे आम्ही कधीतरी 'विशेष काही नाही' असे लिहून ठेवले होते आणि खोडायचे राहून गेले होते. याच सुमारास सामान वाहून नेणाऱ्यांचा माणूस घरी आला. त्याने कपाटाची उंची मोजली, पलंग सुटतो का ते पाहिले आणि पोहोचवण्याचा पत्ता मागितला. पत्ता अजून ठरायचा आहे, असे म्हणताच त्याने पेन कानावर ठेवून आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

"साहेब, गाडी दारापर्यंत जाते ना, तेवढे सांगा. बावीस फुटी गाडी आहे."

हा प्रश्न आमच्या वहीत नव्हता. आम्ही तिघेही संगणकासमोर बसलो आणि त्या चिरंतन दुपारच्या उन्हात पुन्हा एकदा उतरलो. तिच्या वस्तीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकाने होती आणि त्यांच्यापुढे वाहनांच्या दुहेरी रांगा होत्या. तो मान हलवत म्हणाला, की इथे गाडी रात्री बारानंतरच घुसेल. माझ्या वस्तीच्या तोंडाशी दगडी कमान होती, जी मला तिच्यातल्या भारदस्त शांततेमुळे फार आवडली होती. त्याने पडद्यावर बोट ठेवून कमानीखाली उभ्या असलेल्या एका पुसट चेहऱ्याच्या माणसाशी तिची उंची ताडून पाहिली आणि 'कपाट डोक्यावरून न्यावे लागेल' असा निकाल दिला. डोके कोणाचे, ते त्याने सांगितले नाही.

पत्नीने न बोलता तिसरे नाव दाबले. रस्ता रुंद होता, कमान नव्हती, दुकाने बेताची होती, आणि रात्रीचे दहा तिथे कसे वाजतात हे चित्रावरून कळण्यासारखे नव्हते. तो माणूस पडद्याजवळ वाकून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश गेला, गाडी कुठे वळेल तेही त्याने पाहून घेतले.

"मजला कितवा?"

"चौथा."

"लिफ्ट?"

"आहे."

"मग काही प्रश्नच नाही," असे म्हणून त्याने कानावरचे पेन काढले आणि पत्ता लिहून घेतला.