मामा, त्या राजाचा राज्याभिषेक झालाच नव्हता

परवा मामानं फॅमिली ग्रुपवर एक भलामोठा फॉरवर्ड टाकला, "इतिहासानं लपवलेला राजा", आणि खाली स्वतःची ओळ, "मुलांना वाचून दाखवा". आता मामाचे फॉरवर्ड मी एरवी सोडून देते, हळद-लिंबू आणि सुविचार असतात, कुणाचं काही बिघडत नाही. पण हा वाचून मामानं त्या राजाचं एक चांदीचं "रुपया" नाणं ऑनलाइन मागवलं, 2,800 रुपयांना, आणि मामा काय साधा गिऱ्हाईक नाहीये, तीस वर्षं नाणी गोळा करतोय. म्हणून लिहायला बसले.

ज्यांना आलेला नाही त्यांच्यासाठी फॉरवर्ड थोडक्यात असा: ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड. 12 मे 1937 ला राज्याभिषेक झाला. गरिबांचा कैवारी होता. 1938 मध्ये दिल्ली दरबारात त्यानं भारताला स्वराज्य जाहीर केलं, पुण्यात शिवरायांसमोर त्यानं तशी शपथच घेतली होती. युद्ध होऊ नये म्हणून हिटलरला जाऊन भेटला, म्हणून कारस्थान्यांनी "प्रेमप्रकरणाचं निमित्त करून" त्याला हटवलं. तो राहिला असता तर दुसरं महायुद्ध नाही, फाळणी नाही, 1972 पर्यंत 36 वर्षं सुखाचं राज्य, आणि मग एलिझाबेथ.

नीट वाचलं तर कळतं की हे मूळात कुणीतरी "असं झालं असतं तर" म्हणून रचलेलं कल्पित चरित्र आहे. हौसेनं लोक असलं लिहितात, त्यात काही गैर नाही. पण हातोहात फिरताना पहिल्या अर्ध्या भागातल्या "असता"चा "होता" झालाय आणि दुसऱ्या अर्ध्यात "असता" तसाच राहिलाय. एकाच परिच्छेदात राज्याभिषेक "झाला" आणि राज्य "केलं असतं". हे कुणाच्या डोळ्याला खटकलं नाही?

राज्याभिषेकाचं आधी उरकते. तारीख खरी, माणूस चुकीचा. 12 मे 1937 ही तारीख एडवर्डसाठीच ठरली होती, पण तो दिवस उजाडेपर्यंत गादीवर त्याचा भाऊ सहावा जॉर्ज होता आणि मुकुट त्याच्या डोक्यावर गेला. एडवर्ड राजा झाला 20 जानेवारी 1936 ला, वडील वारले तेव्हा, आणि 11 डिसेंबर 1936 ला संपलं. वर्षसुद्धा पुरं नाही. 10 डिसेंबरला त्यानं गादी सोडल्याच्या ज्या कागदावर सही केली त्यावर साक्षीदार म्हणून तिन्ही भावांच्या सह्या आहेत आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की जिच्यावर प्रेम आहे तिच्या आधाराशिवाय हे ओझं मला पेलणार नाही. याला हटवणं म्हणायचं तर म्हणा. ती म्हणजे वॉलिस सिम्पसन, आणि घटस्फोटितेशी लग्न चर्चला, मंत्रिमंडळाला आणि ऑस्ट्रेलिया-कॅनडासारख्या डोमिनियनांना (साम्राज्यातल्या स्वतःचं सरकार असलेल्या देशांना) चालणार नव्हतं हे खरं, दबाव होता हेही खरं. पण त्याच्यापुढे पर्याय होता आणि त्यानं निवडला.

गरिबांचा कैवारी, यात अर्धं खरं आहे, कबूल. 18 नोव्हेंबर 1936 ला तो साऊथ वेल्समधल्या डाउलेसला गेला, पोलादाचा कारखाना बंद पडून माणसं रस्त्यावर आलेली, ते बघून म्हणाला काहीतरी केलंच पाहिजे. लोक भारावले, तिथली जुनी माणसं पुढे कित्येक वर्षं ते सांगायची. फक्त एक गोष्ट फॉरवर्डमध्ये नाही. त्याच्या दोनच दिवस आधी, 16 तारखेला, त्यानं पंतप्रधान बाल्डविनला बोलावून सांगितलं होतं की मी हिच्याशी लग्न करणार आणि त्यासाठी गादी सोडावी लागली तरी सोडेन. म्हणजे "काहीतरी केलंच पाहिजे" म्हणणारा माणूस आपण इथे बहुधा राहणार नाही हे मनात धरून उभा होता.

आता हिटलर. इथे मला खरा राग आलाय, कारण मुलांना वाचून दाखवायचंय म्हणे. पहिली गंमत म्हणजे क्रमच उलटा. तो हिटलरला भेटला 22 ऑक्टोबर 1937 ला, आल्प्समधल्या बंगल्यावर, बायकोला घेऊन, म्हणजे गादी सोडून दहा महिने झाल्यावर. भेटीमुळे हटवला कसा मग? त्या दौऱ्यात त्यानं नाझी सलाम ठोकलेत. बरं, शांततेसाठी गेला असं समजू. मग 1940 बघा. युद्ध सुरू आहे, फ्रान्स पडलाय, आणि हा पोर्तुगालमध्ये एका बँकरच्या बंगल्यात मुक्कामाला. लिस्बनच्या जर्मन राजदूतानं त्या जुलैमध्ये बर्लिनला तार केली की ड्यूकची (गादी सोडल्यावर एडवर्ड ड्यूक ऑफ विंडसर झाला होता) खात्री आहे, जोरदार बॉम्बफेक चालू ठेवली तर इंग्लंड तहाला तयार होईल. स्वतःच्या देशावर बॉम्ब! जर्मनीनं त्याला फितवायचा किंवा पळवायचा कटही केला होता, त्याचं नाव ऑपरेशन विली. हे कागद 1945 मध्ये जर्मनीत दोस्त राष्ट्रांच्या हाती लागले, 1953 मध्ये खुद्द चर्चिलनं ते छापले जाऊ नयेत म्हणून अमेरिकेचा अध्यक्ष आयझेनहॉवरला गळ घातली, आणि शेवटी 1957 मध्ये ब्रिटिश सरकारनंच ते छापले. "इंग्रजांनी पुस्तकं बदलली" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, दाबून ठेवलेलं जे बाहेर आलं ते याच्या विरोधातलं होतं, बाजूचं नव्हे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर ती तार राजदूतानं लिहिलेली आहे, एडवर्डनं नाही, आणि राजदूत वरिष्ठांना खूश करायला काहीही लिहितात. एडवर्डनं सगळं झूठ म्हटलं, सरकारनंही त्याची निष्ठा ढळली नव्हती असंच जाहीर केलं. ठीक. त्याला देशद्रोही म्हणा असा माझा हट्ट नाही. पण शांतिदूत? आणि सरकारचा इतकाच भरवसा होता तर भर युद्धात त्याला बहामाला गव्हर्नर म्हणून का धाडलं, नकाशावर शोधावं लागतं ते.

आणि समजा राहिला असता गादीवर. युद्ध टळलं असतं? अहो, गादीवर आलेल्या सहाव्या जॉर्जलाही युद्ध नकोच होतं. पंतप्रधान चेंबरलेन सप्टेंबर 1938 मध्ये तीन वेळा विमानानं जर्मनीला गेला, हिटलरशी झालेला म्युनिकचा करार घेऊन परतला तेव्हा याच राजानं त्याला बकिंगहॅम पॅलेसच्या बाल्कनीत शेजारी उभं करून लोकांना दाखवलं. पंतप्रधानाला शांतता हवी, राजालाही हवी, मग झालं काय? 15 मार्च 1939 ला हिटलर चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये. सप्टेंबरात पोलंड. समोरच्याला युद्धच हवं होतं, तिथे राजा बदलून काय होणार होतं!

दिल्ली दरबार. इथे परत थोडं खरं आहे, आणि फॉरवर्ड लिहिणारा हुशार होता हे मान्य करावं लागतं. नोव्हेंबर 1936 मध्ये पार्लमेंट उघडताना एडवर्डनं खरंच जाहीर केलं होतं की मी भारतात येऊन वडिलांसारखा दरबार भरवणार आहे. पण ते भाषण लिहितं मंत्रिमंडळ, राजा वाचतो. 1911 ला त्याच्या बापानं दिल्ली राजधानी आणि बंगालची फाळणी रद्द हे दोन्ही दरबारात जाहीर केलं, तेही आधी सरकारनं ठरवूनच. राजानं मनात आणलं आणि स्वराज्य दिलं, असं इंग्लंडात कित्येक पिढ्यांत चाललं नव्हतं. आणि 1938 ला दिल्लीत दरबार भरलाच नाही. सहाव्या जॉर्जनं आधी पुढे ढकलला, मग राहूनच गेला.

पुण्याची शपथ मात्र कहर आहे. 19 नोव्हेंबर 1921 ला प्रिन्स ऑफ वेल्स असताना त्यानं पुण्यात शिवस्मारकाची पायाभरणी केली, हे खरं. पण ते स्मारक उभं करायचा ध्यास होता कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा, हा पाहुणा. शपथ-बिपथ काही नाही. त्याच्या दोन दिवस आधी तो मुंबईत उतरला तेव्हा काँग्रेसनं बहिष्कार घातला होता, शहरात दंगल पेटली, पन्नासच्या वर माणसं मेली, गांधीजींनी उपवास धरला. स्वराज्य देणाऱ्या राजपुत्राचं हे स्वागत! आणि फॉरवर्डमध्ये म्हटलंय तसं मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम याच्या नावाचं नव्हतं, 1905 ला त्याच्या बापानं पायाभरणी केली होती. दोघंही प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणून गोंधळ.

एलिझाबेथचं गणित तेवढं बरोबर आहे. एडवर्डला मूल नव्हतं, भाऊ 1952 ला गेला, म्हणजे 1972 ला एडवर्ड वारल्यावर गादी पुतणीकडेच आली असती. तिथे लिहिणाऱ्यानं डोकं लावलंय.

राहिलं नाणं. मामा, ब्रिटिश हिंदुस्थानच्या टांकसाळीत याच्या चेहऱ्याचं चलनी नाणं निघालंच नाही, 1936 सालच्या नाण्यांवर त्याचा बाप पाचवा जॉर्जच आहे. कच्छ आणि जोधपूर संस्थानांनी काही नाणी काढली त्यांवर याचं नाव आहे, चेहरा नाही. खुद्द ब्रिटनमध्येही चाचणीची मोजकीच पाडली होती, कारण नाणी चलनात यायच्या आधीच साहेबांनी गादी सोडली; त्यांना डावीकडचाच चेहरा हवा होता आणि रिवाजाप्रमाणे उजवीकडचा यायला हवा होता, तो घोळ वेगळाच. त्यातलं एक सोन्याचं सोव्हरिन 2020 मध्ये 10 लाख पौंडांना गेलं. आणि तुला त्याचा रुपया 2,800 ला, वर 1938 साल, वर फ्री शिपिंग. हौशी लोकांसाठी खाजगीत पाडलेली असली काल्पनिक नाणी बाजारात असतात, ती तशी सांगून विकली तर तक्रार नाही, पण तुला "अस्सल" म्हणून दिलंय. मामीला लोहचुंबक लावून बघायला सांगितलं तर खटकन चिकटलं. चांदी चिकटत नाही हे तूच मला शिकवलंस, सातवीत असताना.

परतीची मुदत रविवारपर्यंत आहे. खोका फेकू नकोस, फॉर्म मी भरते.