कामाचे ठाणे कोठे?

वाद सुरू झाला तो षड्रिपूंच्या क्रमावरून. त्यांत कामाचे नाव पहिले का, असे कोणीतरी विचारले, तेव्हा आमच्यातल्या संस्कृतच्या निवृत्त शिक्षकांनी गीतेच्या सोळाव्या अध्यायाचा आधार दिला: काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन दारे, आणि तेथेही आरंभ कामापासूनच. वकील मित्राने लगेच सातवा अध्याय पुढे केला. धर्माला विरुद्ध नसलेला काम म्हणजे मीच, असे तेथे श्रीकृष्ण सांगतात. शिवाय चार पुरुषार्थांत काम आहेच, मग तो सरसकट दुर्गुण कसा, असा त्याचा सवाल होता.

परिचारिका असलेल्या आमच्या मैत्रिणीने मात्र वादाचा रोखच बदलला. ती म्हणाली, "सर, तो चांगला की वाईट हे राहू द्या. तिसऱ्या अध्यायात इंद्रिये, मन आणि बुद्धी हे त्याचे अधिष्ठान सांगितले आहे ना? मग ज्याच्या मनात तो उठतो त्याला सोडून लोक मुलीच्या कपड्यांची चौकशी का करतात?" तिने मत्तयच्या शुभवर्तमानाचाही दाखला दिला. स्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, असे म्हणून येशू लगेच पाहणाऱ्याला स्वतःचा डोळा उपटून टाकायला सांगतो. त्या स्त्रीला तो काहीच बजावत नाही.

सरांना हे मान्य होते, पण आपल्या संतांनीही तेच सांगितले आहे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी तुकोबांचा "स्त्रियांचा तो संग नको नारायणा" हा अभंग म्हटला आणि "लांचावलें मन आवरे ना" या चरणावर बोट ठेवले. मैत्रीण ऐकेना. "पुढे 'लावण्य तें खरें दुःखमूळ' असेही आहे, ते कोणाच्या माथी मारायचे?"

मला सरांचे म्हणणे अधिक पटते, कारण हा अभंग स्त्रियांना केलेला उपदेश नसून आपले मन आवरत नाही म्हणून नारायणाला घातलेले साकडे आहे. पण मन आवरत नसल्याची कबुली गाळून लावण्याचा चरण तेवढा उचलणारे पुष्कळ भेटतात, आणि मैत्रिणीचा संताप त्यांच्यावर आहे हे मला दिसत होते. तिने शेवटपर्यंत माघार घेतली नाही: मुलांना हा अभंग शिकवायचा, तर 'लांचावलें मन' म्हणजे तुझे मन, हे आधी सांगा, मगच पुढचा चरण म्हणा, असे तिने सरांना बजावले.