हस्तलिखित 12व्या शतकातलं, मग कथा 8व्या शतकातली कशी?

नमस्कार. प्राचीन आयरिश साहित्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. ‘टाइन बो कूल्न्ये’ (कूल्न्येची गुरं पळवण्याची वीरकथा, थोडक्यात ‘टाइन’) अशा कथांची सर्वांत जुनी हस्तलिखितं 1100च्या आसपासची आहेत, तेव्हा त्यांना 8व्या-9व्या शतकात ढकलणं हा निव्वळ आयरिश राष्ट्राभिमान, हा पहिला. आणि लिहिणारे सगळे ख्रिस्ती मठवासी, म्हणजे कथाही त्यांनीच रचलेल्या, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपात हस्तलिखिताचं वय आणि भाषेचं वय एकच धरलंय. ‘लेबोर ना हुद्रे’ या हस्तलिखित पुस्तकाच्या लेखनिकांपैकी मेल मुइरे 1106 साली आयर्लंडमधल्या क्लॉनमॅकनॉइस मठाच्या चर्चमध्ये लुटारूंच्या हातून मारला गेला, त्यामुळे पुस्तकाचा काळ साधारण ठरतो. पण त्यातल्या ‘टाइन’ची भाषा बरीचशी त्याच्या पणजोबांच्याही आधीची आहे. हे ठरवायला मोजपट्टी लागते, आणि ती आयर्लंडबाहेर सापडली.

युरोपातल्या मठांमध्ये गेलेले आयरिश पंडित लॅटिन ग्रंथांच्या ओळींमध्ये बारीक अक्षरांत आपल्या भाषेत टिपा लिहीत. जर्मनीतल्या वुर्झबुर्गला सेंट पॉलची पत्रं आहेत, साधारण 750ची. मिलानला स्तोत्रांवरचं भाष्य आहे, 800च्या आसपासचं. स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनला प्रिस्कियनचं लॅटिन व्याकरण आहे, 850च्या सुमाराचं, त्यात आयरिश टिपा साडेतीन हजारांच्या घरात. मजकूर बहुतेक रटाळ: ही विभक्ती कोणती, हे सर्वनाम कोणासाठी. (वर्गात कंटाळणं तेव्हाही असणारच. याच व्याकरणाच्या समासात कुणीतरी चार ओळी खरडल्यात: आज रात्री वारा भयंकर आहे, समुद्राचे पांढरे केस उडतायत, म्हणजे आज उत्तरेकडचे योद्धे (व्हायकिंग) येण्याची भीती नाही. मला हे चार चरण आख्ख्या ‘टाइन’पेक्षा जास्त आवडतात.) पुढे तिकडे ही भाषा जाणणारं कुणी उरलं नाही, म्हणून त्या टिपा कुणी ‘सुधारल्या’ही नाहीत. मुख्यतः त्यांच्याच आधारे योहान कास्पर झॉयसने 1853 साली जुन्या आयरिशचं व्याकरण उभं केलं. झॉयस जर्मनीतल्या बव्हेरियाचा. पुढे ते काम तडीस नेणारा रुडॉल्फ थुर्नआयझन स्विस. आयरिश राष्ट्राभिमान यांच्या माथी कसा मारणार?

आता ती मोजपट्टी लावू. टिपांच्या भाषेत आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत. ‘तो मला मारतो’मधला ‘मला’ क्रियापदाच्या पोटात शिरतो. पुढच्या काही शतकांत नपुंसकलिंग गळालं आणि ते सर्वनाम क्रियापदातून सुटून मागे येऊ लागलं. ‘लेबोर ना हुद्रे’मधल्या ‘टाइन’मध्ये दोन्ही प्रकारची रूपं एकमेकांत मिसळलेली आहेत. नकलणाऱ्याच्या तोंडची भाषा मधूनमधून डोकावते, पण खालचा थर जुना आहे. बोलण्यातून गेलेलं व्याकरण इतक्या पानांवर कुणी बनवून घालू शकत नाही. शिवाय हेच पुस्तक ‘किन द्रोमा श्नेख्ता’ नावाच्या आणखी जुन्या, आता हरवलेल्या पोथीचा आधार देतं.

दुसऱ्या आक्षेपातलं निम्मं मला मान्यच आहे. मठवासीयांनी कथांना हात लावला, बायबल आणि लॅटिन महाकाव्यांचे संस्कार त्यांवर आहेत. केनेथ जॅक्सन या भाषापंडिताने 1964 साली या कथांना लोहयुगात डोकावायची खिडकी म्हटलं, ते आज फारसं कुणी जसंच्या तसं धरत नाही. मीही धरलेलं नाही. माझा दावा 8व्या-9व्या शतकापुरता आहे.

पण ‘त्यांनीच रचल्या’? 12व्या शतकातल्या ‘बुक ऑफ लेन्स्टर’ या हस्तलिखितात ‘टाइन’ संपल्यावर दोन समारोप आहेत. आयरिशमध्ये लिहिलंय: जो ही कथा काहीही न बदलता पाठ ठेवील त्याला आशीर्वाद. त्याच्या लगेच खाली लॅटिनमध्ये: मी ही हकीकत, खरं तर दंतकथा, उतरवून घेतली, पण यातल्या अनेक गोष्टींवर माझा विश्वास नाही, काही सैतानाच्या लीला, काही कवींच्या कल्पना, काही मूर्खांच्या करमणुकीपुरत्या. स्वतः रचलेल्या कथेबद्दल असं कोण लिहितं?