मिक्सरच्या पात्याने फळाचं विष होत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. आधी पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग मुलाच्या शाळेतल्या पालकांच्या, मग ऑफिसातल्या मैत्रिणींच्या. चौथ्यांदा तो आईने पाठवला आणि खाली लिहिलं, "म्हणून मी शिकरण बंद केलंय." आई एकाहत्तर वर्षांची आहे. कवळीमुळे तिला पेरू चावत नाही, सफरचंद ती टाळते. तिच्या पोटात जे थोडंफार फळ जात होतं, तेही या मेसेजने थांबवलं. म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: घरची फळांची स्मूदी म्हणजे ग्लासातलं विष. मिक्सरच्या पात्याने फायबर मरतं आणि उरतं साखरेचं पाणी. पात्याच्या उष्णतेने जीवनसत्त्वं जळतात. दूध आणि फळ एकत्र आलं की पोटात नासतं. केळं घातलं तर बाकीच्या फळांची ताकद शून्य होते. आणि करायचीच असेल तर ब्लूबेरी, चिया आणि बदामाचं दूध घ्या, साखरेऐवजी मध घाला, मग कितीही प्या.

फायबरपासून सुरुवात करते, कारण आईला भीती त्याचीच बसली. फायबर म्हणजे फळाचा चोथा: साल, रेषा, गराला घट्टपणा देणारं पेक्टिन. पातं त्याचे बारीक तुकडे करतं, बस्स. पेरूच्या 100 ग्रॅम गरात साधारण 5 ग्रॅम फायबर असतं. मिक्सरमध्ये फिरवल्यावरही ते भांड्यातच राहतं. ते जातं कुठे, तर गाळणीत. ज्यूस सेंटरवर रस गाळून चोथा बादलीत टाकतात, तेव्हा ग्लासात खरोखर गोड पाणी येतं. गाळलेला रस आणि न गाळलेली स्मूदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने रसाचा दोष स्मूदीच्या माथी मारला आहे.

तरी या मुद्द्यात खरं काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. 1977 साली ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये एक प्रयोग छापला. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, वाटून आणि रस काढून. तिन्हींत कर्बोदकं सारखी. रस अख्ख्या सफरचंदाच्या अकरापट वेगाने संपला आणि वाटलेल्या फळाच्या चौपट. पोट सगळ्यात जास्त भरलं ते अख्ख्या फळाने, सगळ्यात कमी रसाने, वाटलेलं फळ मध्ये. इन्सुलिनही रस आणि वाटलेल्या फळानंतर जास्त वाढलं. म्हणजे चावून खाण्याला तोड नाही, हे खरंच. पण उलट बाजूचंही ऐका. 2022 मध्ये अमेरिकेत तरुण मुलामुलींना सफरचंद आणि ब्लॅकबेरी एकदा अख्खी आणि एकदा मिक्सरमध्ये फिरवून दिली, तेव्हा फिरवलेल्या फळांनंतर रक्तातली साखर उलट कमी चढली. बिया दळल्या गेल्याने त्यांच्यातलं फायबर आणि इतर घटक मोकळे झाले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. प्रयोग छोटा होता, त्यावरून मी कुणाला स्मूदीचं औषध लिहून देणार नाही. पण 'पात्याने फायबर मरतं' हे विधान त्यापुढे टिकत नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच की भीती पात्याची नको, वेगाची आणि मापाची असू द्या. तीन केळी आणि दोन आंबे कुणी एका बैठकीत सहज चावून खात नाही, पण लोकल गाठायच्या घाईत ग्लासातून ती दोन मिनिटांत उतरतात. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही रस आणि स्मूदी मिळून दिवसाला 150 मिलिलिटरची मर्यादा सांगते. आपल्या स्टीलच्या पेल्यात हे माप पेल्याच्या बरंच खाली राहतं.

दुधाचा मुद्दा जास्त नाजूक आहे, कारण त्यात श्रद्धा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराची यादी आहे आणि दुधाबरोबर आंबट फळं वर्ज्य सांगितली आहेत. जे ते पथ्य आपल्या वैद्यांच्या सल्ल्याने पाळतात, त्यांच्याशी माझा वाद नाही. माझा वाद मेसेजने दिलेल्या कारणाशी आहे. 'दूध पोटात नासतं' म्हणे. अहो, दूध पोटात नेहमीच फाटतं, नुसतं प्यायलात तरी. जठरातल्या आम्लाने आणि पेप्सिन या पाचक एन्झाइमने त्याचं दही होतं, मग ते पचतं. तान्ह्या बाळाच्या पोटातही हेच होतं, म्हणून तर त्याची गुळणी दह्यासारखी दिसते. तिथे काही कुजत नाही. फळ आणि दूध एकत्र घेतल्यावर ज्यांना गॅस होतो, पोट फुगतं, त्यांना बहुतेकदा दुधातली साखर पचत नसते. अशांनी दह्यात फळ फिरवून पाहावं.

मिक्सरच्या भांड्यात मात्र एक गडबड खरंच होते. अननस किंवा किवी दुधात फिरवून ठेवलं की ते काही वेळाने कडू लागतं. या फळांतली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात, त्याचा तो कडूपणा. ते विष नव्हे, पण चव जाते. अननस असेल तर पाणी किंवा नारळपाणी घ्या. केळं, चिकू, हापूस, खजूर यांचं दुधाशी उत्तम जमतं. आपल्या आज्यांनी शिकरण आणि दूध घातलेला आमरस पिढ्यान्पिढ्या वाढला आहे.

उष्णतेने जीवनसत्त्वं जळण्याचं म्हणाल तर अर्ध्या मिनिटात भांडं फार तर कोमट होतं. 'क' जीवनसत्त्व हवेने हळूहळू कमी होतं हे खरं, म्हणून फळ आयत्या वेळी कापावं आणि फिरवल्यावर लगेच प्यावं. बाकी काही नाही.

केळ्याच्या मुद्द्यामागे एक खरा अभ्यास आहे, आणि तो ज्या तऱ्हेने वाकवला गेला त्याचं मला जास्त वाईट वाटलं. 2023 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेच्या आणि इंग्लंडमधल्या रेडिंगच्या संशोधकांनी दाखवलं की केळं घातलेल्या स्मूदीबरोबर फ्लॅव्हेनॉल्स घेतली तर त्यांचं रक्तातलं प्रमाण 84 टक्क्यांनी कमी राहतं. कापलेलं केळं ज्या एन्झाइमने काळं पडतं, त्याचाच हा प्रताप. पण फ्लॅव्हेनॉल्स हा घटकांचा एक गट आहे, बेरी, द्राक्षं, सफरचंद, कोको यांत तो असतो. फायबर, पोटॅशियम, प्रथिनं यांचं त्यात काही बिघडत नाही. तेव्हा स्ट्रॉबेरी किंवा द्राक्षं फिरवायची त्या दिवशी केळं वेगळं खा, एवढाच त्याचा अर्थ. जळगावच्या केळ्याला घराबाहेर काढायचं कारण नाही.

ब्लूबेरी आणि चियाने मला खरंच राग येतो. महागड्या डबीतल्या फळाशिवाय आरोग्य नाही, असं सांगून आपण माणसांना फळापासूनच तोडतो. दादरच्या मंडईबाहेर पावसाच्या तोंडावर टोपल्यांतून जांभळं येतात, हिवाळ्यात पेरू आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, आणि घोलवडचा चिकू तर इथून काही तासांवर पिकतो. पेरूत संत्र्याच्या चौपट 'क' जीवनसत्त्व असतं. चियासारखा बुळबुळीत दाटपणा हवा तर सबजा भिजवा. आणि पाकिटातल्या बदाम-दुधात ग्लासामागे जेमतेम 1 ग्रॅम प्रथिनं असतात, साध्या दुधात 6 ते 7.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं आहे: मध घाला आणि कितीही प्या. जागतिक आरोग्य संघटना मधातली साखर ही घातलेल्या साखरेबरोबरच मोजते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत दिवसाला 25 ग्रॅमपर्यंत साखर सांगितली आहे, आणि मोठ्या चमचाभर मधात 17 ग्रॅमच्या आसपास साखर निघते. मेसेज फळातल्या साखरेला विष म्हणतो आणि तीच साखर मधातून चमच्याने ओततो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे वाक्य आधी पुसावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळं किती घ्यायचं हे डॉक्टरांनाच विचारावं.

आईला मी काल फोनवर माप सांगितलं: अर्धं पिकलेलं केळं, दोन बिया काढलेले खजूर, लहान वाटीभर दूध, वेलचीची पूड, साखर-मध काही नाही. पेरूच्या दिवसांत केळ्याऐवजी पेरूचा गर आणि दही, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड. बिया कवळीत अडकतात म्हणून तेवढ्यापुरती मोठ्या भोकांची चाळणी, गर चमच्याने दाबून पूर्ण उतरवायचा. आणि पेल्याला तोंड लावायचं नाही, वाटीत घेऊन चमच्याने खायचं. तिने विचारलं, "मग ग्रुपवर काय टाकू?" मी म्हटलं, हेच टाक.