प्राडावर राग काढून झाला, आता कोल्हापूरच्या कारागिराचं नाव नेटवर कधी दिसणार?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायात आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही कुठे नव्हतं, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते आठवत असेलच. चोरी, जीआय टॅग (म्हणजे भौगोलिक मानांकन), मुंबई हायकोर्टात याचिका, सगळं झालं. राग मलाही आला होता, इथे जर्मनीत ऑफिसमधल्या लोकांना फोटो दाखवून सांगत होते की हे आमच्याकडचं आहे, पिढ्यान् पिढ्या करतात लोक. पुढे कंपनीने प्रेरणा कुठून घेतली ते मान्य केलं, याचिका काही टिकली नाही, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार होऊन २००० जोड इकडे बनवून साधारण ८०० युरोला विकायचं ठरलं.

हे सगळं ठीकच आहे. पण त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका बाईने मला विचारलं की मग खरी चप्पल कुठे मिळेल, लिंक पाठव. आणि पाठवायला माझ्याकडे काही नव्हतं हो! सर्च केलं की आधी मोठ्या ऑनलाइन मॉल्सची पानं, मग 'कोल्हापुरी स्टाइल' नावाने रेक्झिनचा माल, मग मुंबई-दिल्लीचे ब्रँड, मग लंडनमधला कोणी रीसेलर. ज्या घरात ती चप्पल बनते त्या घराचं नाव पहिल्या चार-पाच पानांत नाही. मागे एका मोठ्या साइटवरून मागवली होती तर फोटोत चामडं आणि डब्यात प्लास्टिकचा तळ, परत पाठवायचा खर्च चपलेपेक्षा जास्त, म्हणून तशीच पडून आहे.

मला वाटतं आपली चर्चा इथेच चुकते. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांचा मिळून, चांगलंच झालं, पण जीआय नावाचं रक्षण करतो, माणूस शोधून देत नाही. इटलीतल्या कंपनीने कोल्हापूरचं नाव घेतलं नाही म्हणून आपण चिडलो, पण आपल्या बाजारात तरी करणाऱ्याचं नाव कोण घेतं? डब्यावर दुकानाचं नाव. चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात पकवणारा, तळ शिवणारा, घरात बसून वेण्या विणणाऱ्या बायका, यांचं नाव कुठेच नाही, आणि हे काम बहुतेक करून चर्मकार समाजातली घरं करत आली आहेत, तेव्हा नाव नसणं ही काही फक्त मार्केटिंगची गोष्ट नाही.

इथे कसं आहे ते सांगते. मी श्टुटगार्टजवळच्या लहान गावात राहते, तिथे बूट दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे, त्याची वेबसाइट बघितलीत तर पंधरा वर्षांपूर्वीची वाटेल. पण तिच्यावर त्याचं पूर्ण नाव आहे, पत्ता आहे, फोन आहे, कोणत्या वारी किती ते किती उघडं, आणि सुट्टीवर जाताना कोणत्या तारखेपासून बंद हे तो न चुकता टाकतो. नाव-पत्ता टाकणं इथे कायद्यानेच लागतं, धंद्याची वेबसाइट असेल तर 'इम्प्रेसुम' नावाचं पान हवंच, नाहीतर दंड. त्यामुळे साइट साधी का असेना, मागे कोण माणूस आहे ते कळतं.

इथलं सगळं भारी असं मात्र अजिबात नाही. याच म्हाताऱ्याकडे फक्त रोख चालते, आणि आपल्याकडे कोथिंबिरीच्या जुडीवाल्या मावशींकडेही क्यूआर कोड असतो. पैसे घेण्यात आपण यांच्या किती पुढे गेलो! पैसे द्यायला सोपं पण दुकान सापडायला अवघड, अशी आपल्याकडची स्थिती आहे.

घरी हे बोललं की दोन उत्तरं ठरलेली. एक, आमचं नाव आहे, गिऱ्हाईक शोधत येतं. कोल्हापुरात चप्पल लाईनमध्ये, म्हणजे चपलांच्या बाजारात, येणाऱ्या माणसासाठी खरंय ते, पण अंबाबाईच्या दर्शनाला न येणारंही गिऱ्हाईक आहेच की. दुसरं उत्तर, इन्स्टावर पेज आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे, आणखी काय पाहिजे. ते असावंच, पण सगळा संसार दुसऱ्याच्या जागेत मांडू नका. २९ जून २०२० ला टिकटॉक एका रात्रीत बंद झालं, त्यावर धंदा उभा केलेल्यांचे फॉलोअर्स गेले ते गेलेच. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम सहा-एक तास बंद होतं. आणि गूगलने बिझनेस प्रोफाइलबरोबर फुकट मिळणाऱ्या छोट्या वेबसाइटी मार्च २०२४ मध्ये बंद करून टाकल्या. म्हणून वर्षाला हजाराच्या आसपास जातील तर जाऊदे, पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावाचं घ्या, आणि ते कारागिराच्या ईमेलवर रजिस्टर करा, वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या नाही. तो पोरगा पुण्याला नोकरीला गेला की पासवर्डपण जातो.

आता एक उलट मुद्दा आहे आणि तो मला पटतो. हाताने जोड करायला दिवसच्या दिवस जातात, त्या माणसाने रील कधी बनवायची? नका बनवू. गूगल मॅपवर पिन नीट दारावर लावा, वेळा खऱ्या टाका, आणि एका पानावर कापशी, पुकरी, बक्कलनाळी असे प्रकार दिवसाच्या उजेडात काढलेल्या फोटोंसकट, तळ पलटून दाखवलेला, आणि किंमत लिहून. 'किंमत डीएम करा' हे बघितलं की इथला माणूस पुढे जातो. आणि माप सेंटिमीटरमध्ये, कारण आपला ८ नंबर इथे ४२ की ४३ यात निम्मे लोक अडकतात.

मापाचं म्हणाल तर मला शेवटी मैत्रिणीच्या ओळखीतून एक घर मिळालं, त्यांनी सांगितलं कोऱ्या कागदावर पाय ठेवा, पेन सरळ उभं धरून रेघ मारा, बाजूला पट्टी ठेवून फोटो पाठवा. पाठवला. दहा मिनिटात व्हॉइस नोट आली, "ताई, चवडा रुंद हाय तुमचा, पट्टा एक सूत वाढवतो, पहिलं आठ दिस चावंल, तेल लावून वापरा." इतकी माहिती कुठल्याही मोठ्या साइटवर मिळत नाही. हीच व्हॉइस नोट मराठीत लिहून त्यांच्या पानावर टाकली तरी काम झालं, इंग्रजी भाषांतर ब्राउझर करतो आता. फक्त ती ओळखीशिवाय सापडली पाहिजे.

महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने २०२५ मध्ये चपलांवर क्यूआर कोड आणला, स्कॅन केलं की कारागिराची माहिती दिसते. चांगलं पाऊल आहे. पण तो कोड चप्पल हातात आल्यावर दिसतो, विकत घेण्याआधी शोधणाऱ्याला नाही, तेव्हा तीच माहिती उघडी सर्चमध्ये यायला हवी, इतकंच मागणं आहे.

बाहेर पाठवायचं म्हणून घाबरू नका. आयईसी नंबर, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, लागतो, सरकारी फी ५०० रुपये, आणि पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत. युरोपात जुलै २०२१ पासून स्वस्त पार्सलवरही व्हॅट लागतो, जर्मनीत १९ टक्के, तो कोण भरणार हे आधीच लिहा म्हणजे नंतर भांडण नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळात मी सुचवलंय की दिवाळीआधी सगळ्यांनी पायाची मापं एकत्र पाठवून एकाच घराकडून ऑर्डर करूया, पैसे आगाऊ, आणि त्या घराचं पान आमच्यातलेच दोघं आयटीवाले बनवून देतील, डोमेन त्या घराच्या नावावर. कोल्हापूर, सांगली, निपाणी, अथणीकडे स्वतः चप्पल करणारं घर कुणाला माहीत असेल, दुकान नाही, करणारं घर, तर त्यांना आधी विचारा एका महिन्यात किती जोड जमतील, आणि तेवढेच मागवू.