सुट्टी सगळ्यांची एकाच दिवशी हवी

सुट्टीच्या दिवशी दुकाने आणि व्यवसाय उघडे ठेवावेत का, या प्रश्नावर "ज्याला हवे त्याने उघडावे, ज्याला नको त्याने बंद ठेवावे" असे उत्तर हल्ली सर्रास दिले जाते. ते मला मुळीच पटत नाही, कारण सुट्टी ही एकट्याने उपभोगायची गोष्ट नाही. नवऱ्याच्या वाट्याला मंगळवार, बायकोच्या वाट्याला गुरुवार आणि मुलांच्या वाट्याला रविवार आला, तर हजेरीपटावर प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी पूर्ण भरते, पण ते घर एकत्र कधीच बसत नाही.

हा प्रयोग सोव्हिएत संघाने खरोखर करून पाहिला होता. कारखान्यातली यंत्रे एक दिवसही थांबू नयेत म्हणून १९२९ साली तिथे पाच दिवसांचा अखंड आठवडा सुरू झाला. कामगारांचे पाच गट पाडले गेले, प्रत्येक गटाला एक रंग दिला गेला आणि रंगागणिक सुट्टीचा वार वेगळा ठरला. चार दिवस काम केल्यावर पाचवा दिवस मोकळा मिळत असल्यामुळे सुट्ट्या पूर्वीपेक्षा वाढल्याच होत्या. तरीही कामगारांत नाराजी पसरली, कारण नवरा-बायकोचे रंग वेगळे असले की एकाच्या सुट्टीला दुसरा कामावर असे आणि मित्रमंडळींतही त्या दिवशी बहुतेक जण कामावरच असत. शिवाय सतत चालणाऱ्या यंत्रांना दुरुस्तीसाठीही उसंत मिळेना. अखेर १९३१ पासून बहुतेक ठिकाणी सामाईक सुट्टीचा सहा दिवसांचा आठवडा आला आणि १९४० साली सात दिवसांचा आठवडा व रविवारची सुट्टी परत आली.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने उद्योगांतील साप्ताहिक विश्रांतीसाठी १९२१ साली केलेल्या करारात सात दिवसांतून सलग २४ तासांची विश्रांती तर आहेच, पण ती शक्य तिथे आस्थापनेतील सर्वांना एकाच वेळी द्यावी, असेही म्हटले आहे. या दुसऱ्या अटीकडे आपण फारसे लक्ष देत नाही, याचे मला वाईट वाटते.

"सणाच्या दिवशी यायचे की नाही, हे कर्मचाऱ्याने ठरवावे, आम्ही दुप्पट पगार देतो," असे मालक म्हणतात. दुप्पट पगार द्यायलाच हवा, पण पाळ्यांचा तक्ता लावणारा आणि पगारवाढीची शिफारस करणारा साहेब एकच असेल, तर नाही म्हणण्याची हिंमत किती जणांना होईल? त्यातही काउंटरवर उभ्या राहणाऱ्या आईपुढचा पेच वेगळाच असतो. त्या दिवशी शाळा बंद असते, पाळणाघर बंद असते, आणि मूल कोणाकडे ठेवायचे याचे उत्तर दुप्पट पगारात मिळत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ साली रविवारचा व्यापार खुला करताना दुकानातील कर्मचाऱ्यांना लेखी सूचना देऊन रविवारचे काम नाकारण्याचा कायदेशीर हक्क दिला गेला, आणि २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना त्या दिवशी फक्त सलग सहा तासांची मुभा मिळाली. एवढे संरक्षण असल्याशिवाय कोणी "ऐच्छिक" हा शब्द वापरू नये.

लहान दुकानदाराची अडचण आणखी निराळी आहे. समोरचे मोठे दुकान सातही दिवस चालू राहिले की गिऱ्हाईक तुटू नये म्हणून त्यालाही शटर वर करावे लागते, आणि त्याच्याकडे तर पाळी बदलायला दुसरा माणूसही नसतो. सगळे बंद ठेवणार असतील तर तो आनंदाने बंद ठेवील, पण एकट्याने बंद ठेवणे त्याला परवडत नाही, म्हणूनच हा निर्णय प्रत्येकाच्या मर्जीवर न सोडता कायद्याने घ्यावा लागतो. लोकांच्या खिशातले पैसे काही सातव्या दिवशी वाढत नाहीत. कपडे, फर्निचर किंवा टीव्हीची खरेदी बहुतांशी एक दिवस अलीकडे-पलीकडे सरकते, इतकेच.

रुग्णालये, औषधांची दुकाने, अग्निशमन, वीज, पाणी आणि सार्वजनिक वाहतूक यांना अर्थातच थांबता येणार नाही. प्रवाशांसाठी खाण्यापिण्याची सोयही हवी. ज्यांचा सण नाही त्यांनी त्या दिवशी काम करून आपल्या सणाला रजा घ्यावी, ही अदलाबदलही मला मान्य आहे, मात्र ती दोघांच्या संमतीने आणि लेखी झाली पाहिजे. बाकी ज्या खरेदीला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबता येते, तिच्यासाठी कोणाला सणाच्या दिवशी घराबाहेर काढण्याचा अधिकार ग्राहक म्हणून आपल्याला आहे, असे मला वाटत नाही.